स्क्रीन पिवळी पडली, काळीपांढरी झाली, डोळ्यांत खुपते? डिस्प्ले बदलण्याआधी हे तपासा

मोबाईल दुरुस्तीत माझी अकरा वर्षं गेली. कराडला एसटी स्टँडजवळ आमचं दुकान आहे. "ताई, डिस्प्ले गेला बघा" असं म्हणत जे फोन काउंटरवर येतात, त्यांतले कितीतरी न उघडताच दुरुस्त होतात. कुठलं तरी सेटिंग चुकून चालू झालेलं असतं, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात उंब्रजहून एक काका आले. त्यांचा फोन रोज रात्री काळापांढरा व्हायचा आणि सकाळी पुन्हा रंगीत. दिवसा एका दुकानात दाखवायला नेला तेव्हा अर्थातच सगळे रंग ठीक. "स्ट्रिप लूज असेल" म्हणून तिथे डिस्प्ले बदलून घेतला, पैसे दिले, घरी गेले. रात्री दहा वाजता फोन पुन्हा काळापांढरा. माझ्याकडे आले तेव्हा मी एकच विचारलं, "काका, बरोबर दहालाच होतो का?" ते म्हणाले, हो, बातम्या संपता संपता. वेळ ठरलेली आहे म्हटल्यावर कारण उघड होतं. बेडटाइम मोड, म्हणजे झोपेच्या वेळेसाठीचं सेटिंग, रात्री दहा ते सकाळी सहा लावलेला होता आणि त्यात ग्रेस्केल, म्हणजे सगळे रंग काढून टाकणारी सोय, चालू होतं. अर्ध्या मिनिटात काम झालं. जुना, कंपनीचा, चांगला डिस्प्ले मात्र गेला तो गेलाच. त्या काकांचा चेहरा आठवला की वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

लक्षणं

लोक साधारण याच शब्दांत सांगतात:

- "फोन अचानक काळापांढरा झाला."
- "फोटोतली माणसं जुन्या रोलच्या निगेटिव्हसारखी दिसतात."
- "संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळी पडते."
- "उजेड आपोआप कमी होतो, वाढवला तरी परत खाली येतो."
- "उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही."
- "ब्राइटनेस तळाला नेला तरी अंधारात डोळ्यांत खुपतो."
- "रात्री पडून वाचलं की अर्ध्या तासात कपाळ ठणकतं."
- "ॲपमध्ये बरोबर उत्तर हिरवं, चूक उत्तर लाल असतं म्हणे. मला दोन्ही सारखीच दिसतात."

या सगळ्यांचं मूळ तीनपैकी एका जागी असतं: सेटिंगमध्ये, फोनच्या यंत्रात किंवा बघणाऱ्याच्या डोळ्यात. आधी जागा ओळखायची. त्यासाठी मी काउंटरवर तीन गोष्टी करते. पैसा लागत नाही, पाच मिनिटंही लागत नाहीत.

आधी जागा ओळखा

स्क्रीनशॉट काढा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळट करणारी सोय), ग्रेस्केल, उलटे रंग हे सगळं फोन चित्र तयार झाल्यावर, अगदी शेवटी पडद्यावर चढवतो. त्यामुळे बहुतेक फोनमध्ये ते स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. दुसऱ्या फोनवर चित्र नीट दिसलं, तर गडबड रंगांच्या सेटिंगमध्ये किंवा डिस्प्लेत आहे. तिथेही बिघडलेलंच दिसलं, तर डिस्प्ले निर्दोष आहे; ॲपची थीम बदललीय किंवा एखादं ॲप स्क्रीनवर पडदा टाकून बसलंय.

मग फोन बंद करून चालू करा आणि कंपनीचं नाव येतं तेव्हा नीट बघा. त्या क्षणी तुमची सेटिंग्ज अजून लागू झालेली नसतात. रेषा, डाग किंवा रंगाची झाक तेव्हाही दिसत असेल तर दोष यंत्रात आहे. नाव स्वच्छ उमटलं आणि फोन पूर्ण सुरू झाल्यावर रंग बदलले, तर सेटिंग.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. दोन फोन शेजारी ठेवा, दोन्हींवर तेच पांढरं पान उघडा. मग एक डोळा हाताने झाकून बघा, नंतर दुसरा. दोन्ही फोन पिवळट दिसत असतील, किंवा एका डोळ्याला एक रंग आणि दुसऱ्याला वेगळा, तर फोन बाजूला ठेवा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

पुसा, कव्हर काढा, काच बघा

खोलीत किती उजेड आहे हे मोजणारा सेन्सर बहुतेक फोनमध्ये वर, कानाला लावतो त्या स्पीकरजवळ असतो. काही फोनमध्ये तो डिस्प्लेच्या खालीच बसवलेला असतो. त्याच्यावर तेलाचा हात लागला, पीठ बसलं, की फोनला वाटतं आपण अंधारात आहोत आणि तो ब्राइटनेस खाली आणतो. स्वयंपाकघरात वापरल्या जाणाऱ्या फोनमध्ये हे मी सतत बघते. एका मावशींच्या फोनवर स्पीकरच्या जाळीपाशी हळदीचा पिवळा थर इतका घट्ट बसला होता, की नखाने न निघता ओल्या कापडाने दोनदा पुसावा लागला. त्यानंतर "आपोआप कमी होतो" ही तक्रार तिथेच संपली.

टेम्पर्ड काचेची काळी किनार सेन्सरवर आली तरी हेच होतं. स्वस्त काचा दोन-तीन मॉडेलना मिळून एकच बनवतात, त्यामुळे सेन्सरचं भोक जरा सरकलेलं असतं. तपासायचं असं: ऑटो ब्राइटनेस चालू ठेवून खिडकीपाशी उभे राहा, फोनची वरची पट्टी अंगठ्याने दहा सेकंद झाका. ब्राइटनेसची पट्टी खाली सरकायला हवी आणि अंगठा काढल्यावर वर यायला हवी. हलतच नसेल तर काच काढून पुन्हा बघा.

प्रायव्हसी काच लावली असेल तर ती प्रकाश अडवतेच. बाजूच्याला दिसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. ज्येष्ठांच्या फोनला ती लावू नका असं मी स्पष्ट सांगते. आणि उन्हात पोलराइज्ड गॉगल घालून फोन बघत असाल तर फोन उभ्याचा आडवा करा. एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ दिसला तर तो गॉगलचा गुण आहे, फोनला काही झालेलं नाही.

उजेड आपोआप कमी-जास्त होतो

२०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस तुमच्या सवयीवरून शिकतं. कुठल्या उजेडात तुम्ही पट्टी कुठे नेता हे ते लक्षात ठेवतं. घरात एकच फोन आजोबा आणि नातू दोघं वापरत असतील तर ते दोघांचं शिकतं आणि दोघांनाही पटेनासं होतं. अशा वेळी ते बंद करू नका. आठवडाभर, जिथे असाल तिथे, पट्टी हाताने आपल्याला हवी तिथे नेत राहा. हळूहळू वळण लागतं.

बंद करू नका म्हणण्याला अजून एक कारण आहे. कितीतरी फोन आपला सगळ्यात जास्त उजेड फक्त ऑटोवर असतानाच, आणि सेन्सरवर कडक ऊन पडल्यावरच देतात. हाताने पट्टी शेवटपर्यंत नेली तरी तेवढा उजेड मिळत नाही. "उन्हात दिसत नाही" म्हणून आलेल्या अर्ध्याअधिक फोनमध्ये ऑटो बंद केलेलं सापडतं. सॅमसंगच्या काही फोनमध्ये ऑटो बंद असताना वापरायला एक्स्ट्रा ब्राइटनेस असं वेगळं बटण आहे. आयफोनवाल्यांना ऑटो ब्राइटनेस सापडत नाही, कारण ते सहसा डिस्प्लेच्या पानावर नसून ॲक्सेसिबिलिटीमध्ये, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझच्या अगदी तळाशी असतं.

फोन तापला की उजेड उतरतो, हेही ध्यानात असू द्या. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलला फोन लावून, मॅप चालू ठेवून, वर चार्जिंग केलं, की फोन स्वतःला वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करतो. सावलीत नेऊन, कव्हर काढून दहा मिनिटं ठेवा, आपोआप ठीक होतो. फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, आत बाष्प धरतं आणि मग खरोखरच आमच्याकडे यावं लागतं. बॅटरी सेव्हर चालू असेल तरी उजेड कमी राहतो आणि थीम काळी होऊ शकते. हे बटण वरच्या पट्टीत असल्यामुळे चुकून लागलेलं फार सापडतं.

पिवळेपणा

वेळेवर पिवळी होणारी स्क्रीन म्हणजे जवळपास नक्कीच नाइट लाइट. सॅमसंगमध्ये त्याला आय कम्फर्ट शील्ड म्हणतात, शाओमीत रीडिंग मोड, आयफोनमध्ये नाइट शिफ्ट. सूर्यास्त ते सूर्योदय असं वेळापत्रक त्यात लावता येतं. रंग किती तांबूस करायचा त्याची पट्टी तिथेच असते. ती शेवटपर्यंत गेली असेल तर मध्यावर आणा.

आयफोन ८ आणि १० पासून, म्हणजे २०१७ पासून, ट्रू टोन नावाची सोय आहे. खोलीतला दिवा पिवळा असेल तर ती पडदाही पिवळट करते. ट्यूबलाइटखाली पांढरा आणि देवघरातल्या बल्बखाली पिवळा दिसणारा आयफोन बिघडलेला नसतो. याशिवाय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिव्हिड, नॅचरल अशा रंगांच्या पद्धती आणि बहुतेक ठिकाणी थंड-उबदार अशी पट्टी असते. भडक रंगांनी ज्यांना थकवा येतो त्यांनी नॅचरल घ्यावं. दोन दिवस फिकं वाटतं, मग सवय होते.

निळ्या प्रकाशाबद्दल रोज कुणी तरी विचारतं. नाइट लाइटमुळे रात्री स्क्रीन सौम्य वाटते, डोळ्यांना बरं वाटत असेल तर जरूर वापरा. पण तेवढ्याने डोळ्यांचा थकवा जाईल या भरवशावर राहू नका, आणि त्यासाठी महागडा चष्माही घेऊ नका. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या चष्म्यापेक्षा त्यांनी स्क्रीनमुळे येणारा थकवा कमी होतो असं त्यांत दिसलं नाही. स्क्रीनकडे टक लावली की आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. त्याला उपाय दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघण्याचा. आमच्या दुकानासमोरचा पिंपळ साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. सोल्डरिंग करताना मी तोच बघत असते.

काळंपांढरं आणि निगेटिव्ह

काळ्यापांढऱ्या फोनमध्ये आधी सेटिंग्जमधलं डिजिटल वेलबीइंग उघडा आणि बेडटाइम मोड बघा. त्यातलं ग्रेस्केल बंद करा. उंब्रजच्या काकांचं हेच होतं. ते नसेल तर ॲक्सेसिबिलिटीत कलर करेक्शन बघा, तिथेही ग्रेस्केल असतं. आयफोनमध्ये ते कलर फिल्टर्समध्ये सापडेल. अतिबचतीचा बॅटरी मोडही काही फोनमध्ये रंग काढून टाकतो.

एवढं करूनही रंग आले नाहीत तर डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत का बघा. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ती यादी उघडते आणि घरातली शाळकरी मुलं व्हिडिओ बघून ती उघडतातच. तिच्यात सिम्युलेट कलर स्पेस असा एक पर्याय आहे. तो मोनोक्रोमसीवर गेला तर फोन कायमचा काळापांढरा राहतो. तो डिसेबल्ड करा. त्या यादीतलं बाकी काहीही हलवू नका.

निगेटिव्हसारखं दिसतं तेव्हा कलर इन्व्हर्जन चालू झालेलं असतं. आणि ते पुन्हा पुन्हा कसं होतं, हे समजणं गरजेचं आहे, नाहीतर तुम्ही बंद करत राहाल आणि ते परत लागत राहील. अँड्रॉइडमध्ये दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र दोन-तीन सेकंद दाबण्याला एखादी ॲक्सेसिबिलिटीची सोय जोडलेली असू शकते. आयफोनमध्ये बाजूचं बटण तीनदा दाबण्याला. हाताला कंप असलेली व्यक्ती फोन पडू नये म्हणून दोन्ही कडा घट्ट धरते, दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबली जातात आणि रंग उलटतात. आमच्या ओळखीच्या एका आजींचा फोन महिन्यातून चारदा याच कारणासाठी यायचा. इन्व्हर्जन बंद करून त्याच पानावरचा शॉर्टकटही बंद केला, आणि व्हॉल्यूमची बटणं जरा झाकणारं जाडसर कव्हर दिलं. तेव्हापासून आजी फक्त रिचार्जला येतात.

ज्यांना उलटे रंग खरंच सोयीचे वाटतात, म्हणजे फार कमी दिसणाऱ्या काही जणांना, त्यांनी मात्र हाच शॉर्टकट मुद्दाम लावून ठेवावा. आयफोनमध्ये स्मार्ट इन्व्हर्ट घ्या, त्यात फोटो सहसा उलटत नाहीत.

डोळ्यांत खुपतं, डोकं दुखतं

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा.

सुरुवात एका पांढऱ्या कागदाने करा. वहीचं कोरं पान स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवरही पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी उठून दिसत असेल तर उजेड जास्त आहे. कागदापेक्षा मळकट वाटत असेल तर कमी. दोन्ही साधारण सारखे दिसतील तिथे पट्टी थांबवा. कुठल्याही खोलीत, कुठल्याही वेळी हे चालतं.

मग अक्षर मोठं करा. चाळिशी लागलेली माणसं अक्षर दिसत नाही म्हणून उजेड वाढवतात, आणि मग उजेड खुपतो म्हणून तक्रार करतात. अक्षराचा आकार दोन पायऱ्या वाढवा, ठळक अक्षर चालू करा, सॅमसंगमध्ये हाय कॉन्ट्रास्ट फॉन्ट आहे तोही लावून बघा. बहुतेक वेळा उजेड आपणहून खाली आणावासा वाटतो. फोन हातभर, निदान फूटभर तरी लांब धरा. आयफोनमध्ये २०२३ च्या आवृत्तीपासून स्क्रीन डिस्टन्स आहे. मुलांनी फोन नाकाशी आणला की ते टोकतं.

डार्क मोड सर्वांना चांगला, ही समजूत मला मान्य नाही. डोळ्यांच्या नंबरात सिलिंड्रिकल भाग असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं फाकल्यासारखी, कडेला पसरल्यासारखी दिसतात. मोतीबिंदू असलेल्यांचं मात्र बरेचदा उलट असतं, पांढरा पडदा त्यांना दिपवतो आणि काळ्यावर बरं वाचता येतं. म्हणून दोन्ही लावून, मराठी बातमीचा एकच परिच्छेद दोनदा वाचून बघा. आपल्या अक्षरांत वेलांट्या, रफार, अनुस्वार असतात. अनुस्वाराचा ठिपका कुठल्या पद्धतीत स्वच्छ दिसतो ते बघा आणि ती ठेवा.

तळाला नेऊनही अंधारात जास्त वाटत असेल तर अँड्रॉइड १२ पासून एक्स्ट्रा डिम आहे, आयफोनमध्ये रिड्यूस व्हाइट पॉइंट. ही दोन्ही मला फार उपयोगी वाटतात, आणि त्याचं कारण डोकेदुखीशी जोडलेलं आहे.

अमोलेड डिस्प्लेमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. उजेड कमी करायचा म्हणजे असे बरेच डिस्प्ले ठिपके फार वेगाने चालू-बंद करतात. कितीतरी फोनमध्ये हे सेकंदाला २४० वेळा होतं, काहींमध्ये १९२० किंवा त्याहून जास्त. डोळ्याला ते लुकलुकणं जाणवत नाही, पण काही जणांना त्याने डोकं दुखतं, मळमळतं. पट्टी जितकी खाली, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. आपल्या फोनवर हे बघायचं तर दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर १/१००० च्या आसपास ठेवा आणि कमी उजेडातल्या स्क्रीनवर रोखा. काळे जाड पट्टे सरकताना दिसले तर तेच.

उपाय असा की पट्टी अर्ध्याच्या वर ठेवायची आणि अंधार हवा तेवढा एक्स्ट्रा डिमने आणायचा. त्यात पांढरा रंगच राखाडी केला जातो, ठिपक्यांचा बंद राहण्याचा वेळ वाढत नाही. काही फोनमध्ये डीसी डिमिंग किंवा अँटी-फ्लिकर असा पर्याय असतो, तो चालू करा. हा फरक पडला की नाही ते दोन रात्रींत कळतं. आणि खोलीतला एक मंद दिवा लावून ठेवा. काळ्याकुट्ट अंधारात उजळ चौकोन बघणं हेच डोळ्यांना जड जातं.

लाल-हिरवा सारखा दिसतो

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा फोनचा रंग बिघडलाय म्हणून आला होता. त्याला सराव चाचणीतलं बरोबर आणि चूक उत्तर ओळखू येत नव्हतं. मी फोन हातात घेतला, मला दोन्ही रंग स्वच्छ दिसले. घाबरून त्याने "मग मला काय झालंय?" विचारलं. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणं बहुतेकदा जन्मतःच असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ते पुरुषांत जास्त आढळतं. कितीतरी जणांना वीस-पंचवीस वर्षं त्याचा पत्ताच नसतो.

ॲक्सेसिबिलिटीतल्या कलर करेक्शनमध्ये लाल-हिरव्यासाठी दोन आणि निळ्या-पिवळ्यासाठी एक पर्याय असतो. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. ज्या चित्रात अडचण येते तेच उघडा, एकेक पर्याय लावा, रंग सगळ्यात वेगळे कशात दिसतात ते बघा. आयफोनच्या कलर फिल्टर्समध्ये तीव्रतेची पट्टीही आहे. वरच्या पट्टीत त्याचं बटण ठेवा, म्हणजे चाचणीपुरतं चालू आणि फोटो बघताना बंद करता येईल. याने दृष्टी बदलत नाही, फक्त स्क्रीन वाचता येते. रेल्वे, पोलीस यांसारख्या भरतीचा विचार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टीची चाचणी आधीच करून घ्या.

अजूनही तसंच असेल तर

निळा प्रकाश गाळणारं, स्क्रीन मंद करणारं एखादं ॲप टाकलंय का आठवा. ही ॲप्स इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी घेऊन सगळ्यावर पडदा टाकतात. काढून टाका, फोनमध्ये ती सोय आता आधीपासूनच असते. एखादं असं ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर कदापि देऊ नका. त्या परवानगीने ते तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. ज्या फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप आहे त्यावर असला धोका घ्यायचा नाही.

कुठलं ॲप ते कळत नसेल तर सेफ मोड. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर ऑफचं बटण स्क्रीनवर दाबून धरलं की तो विचारतो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स बंद राहतात. रंग सुधारले तर दोष ॲपचा. त्यानंतर रिसेट ऑल सेटिंग्ज, जिथे असेल तिथे. त्याने फोटो जात नाहीत. फॅक्टरी रिसेटने सगळं जातं, म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

इथे थांबा आणि दुकानात या

मागचं झाकण फुगलंय, स्क्रीन कडेने उचलली गेलीय, मध्येच पांढुरका डाग आलाय? बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग लगेच बंद करा, फोन स्विच ऑफ करा, दाबू नका, टोचू नका, त्याच दिवशी घेऊन या. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे नाही.

उभी हिरवी किंवा गुलाबी रेष, शाईसारखा पसरणारा काळा डाग, जुन्या अक्षरांची कायमची सावली, पाण्यात पडल्यानंतरची झाक, यांना सेटिंगचा उपाय नाही. हिरव्या रेषेसाठी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. भारतात काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलचे डिस्प्ले मोफत बदलून दिले आहेत. एलसीडी फोनमध्ये चित्र अगदी पुसट, टॉर्च तिरपा मारला तरच दिसतंय, अशी स्थिती असेल तर मागचा दिवा किंवा लाईट आयसी गेलेला असतो. ते काम बोर्डाचं आहे, घरी उघडू नका.

डिस्प्ले बदलायचाच झाला तर दुकानदाराला स्पष्ट विचारा: अमोलेडच बसवणार की कॉपी कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा नकली संच? अमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडी कॉपी बसवली की काळा रंग राखाडी दिसतो, उजेड तळाला गेला तरी जास्तच राहतो आणि स्क्रीनमधला फिंगरप्रिंट चालत नाही. आयफोनमध्ये बाहेरचा डिस्प्ले बसवल्यावर ट्रू टोनचं बटण बरेचदा गायब होतं. डोळ्यांच्या त्रासासाठी आलेल्या माणसाला कॉपी बसवली तर त्याचा त्रास वाढतो. बिलावर काय बसवलं ते लिहून घ्या आणि जुना डिस्प्ले परत मागून घ्या.

इथे थांबा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा

डोळ्यासमोर अचानक ठिपक्यांचा पाऊस, विजेसारख्या चमका, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसणं. किंवा डोळा लाल होऊन प्रचंड दुखणं, दिव्यांभोवती रंगीत कडी, सोबत उलटी. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका. मधुमेह असेल आणि अक्षरं अंधूक होत चालली असतील तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिना) तपासणी करून घ्या. सरळ ओळ मध्येच वाकडी दिसणं, एकाच डोळ्याने रंग वेगळे दिसणं, हेही त्यांचंच काम.

माझी आत्या तीन महिने मला म्हणत होती की फोन पिवळा पडलाय. मी दोनदा नाइट लाइट बघितलं, बंदच होतं. मग तिच्यासमोर माझा फोन धरला, तोही पिवळाच. डोळे आलटूनपालटून झाकायला लावले तर उजव्याने जास्त पिवळा, डाव्याने जरा कमी. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं आणि माणसाला वाटतं जग पिवळं झालं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत झाली. पट्टी काढल्यावर घरी आली, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर निळा पांढरा आहे." डावा डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला, बराच वेळ हेच करत बसली. दुसरी शस्त्रक्रिया होईपर्यंत दोन डोळ्यांत दोन रंग दिसायचे, म्हणून मी तेवढ्यापुरता नाइट लाइट थोडासा लावून दिला होता. दुसरा डोळा झाल्यावर तिने तो स्वतःच बंद केला.